घरचं वाय-फाय दुसऱ्यांना देण्याआधी: नागपुरातल्या घरमालकांसाठी, दुकानदारांसाठी

दीक्षाभूमीजवळ राहणाऱ्या एका काकूंचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवडाभर आधी मला फोन आला. "भाऊ, त्या दिवशी टॉवर चालत नाही. लांबलांबून लोक येतात, कोणाचं पोरगं चुकलं तर फोन लावता येत नाही. मी आमचं वाय-फाय सगळ्यांसाठी खुलं करून देते म्हणते. फाटकावर पासवर्ड लिहून ठेवते. कसं करायचं ते सांगून दे."

घरोघरी फायबर बसवणं, राउटर लावून देणं हे माझं रोजचं काम आहे. असा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. कधी मानेवाड्यात मुलांना खोल्या भाड्याने देणारे काका विचारतात, कधी आयटी पार्कजवळचा चहावाला, कधी महालातल्या जुन्या वाड्यात भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. देण्याची इच्छा चांगलीच आहे, ती मोडावी असं मला वाटत नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लावणारा माणूस मटका फाटकाबाहेर ठेवतो. तहानलेल्याला स्वयंपाकघरातल्या माठापर्यंत नेत नाही. घरचं वाय-फाय आहे तसं देऊन टाकलं, की येणाराजाणारा स्वयंपाकघरात शिरतो आणि वर तुमची सही असलेला कोरा कागदही त्याच्या हातात पडतो. आधी या कोऱ्या कागदाचं सांगतो, कारण लोकांना नेमकं तेच ठाऊक नसतं.

नाव तुमचं लागतं

तुमच्या घरातून कोणीही नेट वापरलं तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, तुमच्या कनेक्शनचा आयपी. काकूंचा फोन, भाडेकरूचा लॅपटॉप, गेटबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी पोराचा मोबाइल, सगळ्यांचा पत्ता तोच. काही गुन्हा घडला तर पोलीस इंटरनेट कंपनीला तो पत्ता आणि वेळ देतात. कंपनी आपल्या नोंदी पाहून ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचं नाव आणि घराचा पत्ता सांगते. तपास तुमच्या दारापर्यंत पोचतो. दाराच्या आत नेमकं कोण होतं, हे सांगायचं काम मग तुमचं.

आपल्याच राज्यात हे घडून गेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडाच वेळ आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी निघाला. त्याची कसून चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले. त्याच्या असुरक्षित वाय-फायवरून दुसऱ्याच कोणीतरी तो मेल पाठवला होता, हे नंतर समोर आलं. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका खासगी कंपनीचं वाय-फाय तशाच कामासाठी वापरलं गेलं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षेबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

"आमच्या गल्लीत कोण येऊन राहिला दहशतवादी?" असं मला हमखास ऐकवलं जातं. ठीक आहे, मग रोजचं उदाहरण घ्या. लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं साहित्य बघणं, उतरवून घेणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या एका करारानुसार अशा प्रकारांची माहिती अमेरिकेतल्या संस्थेकडून आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येते आणि तिथून राज्यांच्या पोलिसांकडे जाते. तिच्यात आयपी पत्ता असतो. तुमच्या वाय-फायवर बसलेल्या एका माणसाने असं काही केलं तर विचारणा तुमच्याकडे होणार. वाय-फाय दिलं म्हणून तुम्ही आपोआप गुन्हेगार ठरत नाही. पण मोबाइल-लॅपटॉप तपासणीसाठी जाणं, पोलीस ठाण्याच्या खेपा, गल्लीतली कुजबुज, हे सगळं निर्दोष माणसाच्याही वाट्याला येतं.

आणखी एक गोष्ट. पाहुणा भला असला तरी त्याचा फोन भला असेलच असं नाही. काही मोफत ॲप गुपचूप फोनचं नेट तिसऱ्यालाच वापरायला देतात. असा फोन तुमच्या वाय-फायला जोडला, की जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तुमच्या पत्त्यावरून फिरायला लागतो आणि तुमच्या पाहुण्याला त्याची गंधवार्ताही नसते.

"राउटरमध्ये नोंद राहत असेल ना, कोण होतं ते?" इथेच बहुतेकांची फसगत होते. घरगुती राउटर फार थोडी नोंद ठेवतो आणि बऱ्याच राउटरमध्ये लाइट गेली की तीही पुसली जाते. शिवाय अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० पासून फोन वाय-फायला आपला खरा हार्डवेअर पत्ता सांगतच नाहीत, बनावट पत्ता सांगतात. फोन वापरणाऱ्याच्या खासगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण सहा महिन्यांनी तुम्हाला कोणाकडे बोट दाखवायचं झालं तर हातात काही उरत नाही.

पायरी पहिली: कोणाला द्यायचं ते ठरवा

घरी आलेला पाहुणा, कायम राहणारा भाडेकरू आणि रस्त्यावरचं कोणीही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. पाहुण्यासाठी गेस्ट नेटवर्क पुरतं. भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या नावाचं कनेक्शन घ्यायला सांगावं. रस्त्यावरच्या कोणालाही घरचं कनेक्शन देऊच नये; त्यासाठी सरकारने वेगळी सोय केली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

तुमच्या कनेक्शनच्या अटीही एकदा वाचा. घरगुती प्लॅनमध्ये नेट बाहेरच्यांना वाटायला किंवा विकायला साधारणपणे मनाई असते. 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीसारखी मर्यादाही असते. आठ पोरं रात्रभर क्रिकेट आणि सिरीज बघत असली की ती संपते, आणि मग आपल्याच मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो.

पायरी दुसरी: राउटर उघडून बघा

फोन घरच्या वाय-फायला जोडा, ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ टाका (अंक इंग्रजी). उघडलं नाही तर १९२.१६८.०.१ करून बघा, किंवा राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. लॉगिनचं पान येईल.

इथे लागतो तो राउटरचा पासवर्ड. वाय-फायचा वेगळा, हा वेगळा. बहुतेक घरांत बसवणाऱ्याने तो 'ॲडमिन' असाच सोडलेला असतो. सगळ्यात आधी तो बदला. वाय-फायवर असलेल्या माणसाला हे पान उघडता आलं तर तो डीएनएस बदलू शकतो, म्हणजे तुम्ही बँकेचं नाव टाइप केलं तरी भलत्याच जागी नेऊ शकतो. ब्राउझर धोक्याची सूचना देतो, पण घाईत 'पुढे जा' दाबणारे मी रोज बघतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले असेच न बदललेले पासवर्ड टाकून.

मग जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. घरात चार माणसं आणि यादीत एकोणीस उपकरणं, असं मला कित्येकदा दिसलं आहे. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, जुना फोन वजा करा आणि उरलेले मोजा.

पायरी तिसरी: वाय-फायचा पासवर्ड, आणि मोबाइल नंबर का नको

नागपुरात मी पाहिलेल्या घरांपैकी अर्ध्याअधिक घरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर. बसवणारे पोरं लवकर निघायचं म्हणून तोच टाकतात. मी स्वतःही सुरुवातीच्या वर्षांत टाकत होतो, आता टाकत नाही. कारण साधा हिशेब आहे. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. फोन वाय-फायला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती बाहेर उभं राहून पकडता येते, आणि मग घरी बसून एकेक नंबर लावून बघता येतो. गेम खेळणाऱ्या पोरांकडे असतं तसलं चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४०० कोटींना सव्वा तासही लागत नाही. आणि दुकानाच्या पाटीवरच नंबर रंगवलेला असेल तर तेवढेही कष्ट नाहीत.

पासवर्ड असा करा: एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत, सलग. कंदील, सतरंजी, मुंगूस, विळी, अशा धर्तीवर (हेच चार शब्द मात्र घेऊ नका). आजीलाही लक्षात राहतो आणि मशीनला फोडायला अवघड जातो.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी. सुरक्षेच्या ठिकाणी डब्ल्यूपीए-३ असेल तर तो निवडा, जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हातही लावू नका, ते २००१ पासून फुटलेलं आहे. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिन किंवा बटणाने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं. तिसरं, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं बटण दिसलं तर दाबा.

क्यूआर कोडबद्दलही सांगायला हवं. फोनवरून वाय-फाय 'शेअर' केलं की चौकोनी कोड येतो, आणि लोकांना वाटतं की यात पासवर्ड लपलेला असतो. लपलेला नसतो. तो कोड म्हणजे तुमचा पासवर्डच, उघड्या अक्षरांत, फक्त चौकोनी ठिपक्यांत लिहिलेला. कोणीही वाचू शकतो. त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर पडला की संपलं.

हे सगळं झाल्यावर फोन घेऊन घराबाहेर पडा. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत चालत जा, सिग्नल कुठपर्यंत मिळतो ते बघा. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंती ओलांडून बराच लांब जातो. इतवारी-महालातल्या दाटीत तो पाच-सहा घरांत सहज पोचतो.

पायरी चौथी: गेस्ट नेटवर्क, आणि ते खरंच वेगळं आहे का

राउटरच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू करा, वेगळं नाव द्या, वेगळा पासवर्ड द्या. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको. पाहुण्यांना फक्त हेच द्यायचं.

हे कशासाठी? एकाच वाय-फायवरची उपकरणं एकमेकांना दिसतात. पाहुण्याच्या फोनवरून तुमच्या टीव्हीवर व्हिडिओ लावता येतो, प्रिंटर दिसतो, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) दिसतो. त्याचा पासवर्ड बदललेला नसेल तर बैठकीतला कॅमेराही बघता येतो. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर 'शेअर' केलेल्या फोल्डरमध्ये घरच्या सगळ्यांची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन करून ठेवलेली असतात, तीही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा एका विंडोज कॉम्प्युटरवरून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यावर तो आपोआप उडी मारत होता, कोणी काही क्लिक न करता.

पण काही स्वस्त राउटरमध्ये 'गेस्ट' म्हणजे नुसतं दुसरं नाव असतं, आतून सगळं एकच. म्हणून तपासून बघा. एक फोन गेस्टला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि त्यावरून राउटरचं पान उघडायचा प्रयत्न करा. प्रिंटर दिसतो का, टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येतो का, तेही बघा. यातलं काहीही जमलं तर सेटिंगमध्ये 'आयसोलेशन' (उपकरणं एकमेकांपासून तोडण्याची सोय) शोधा आणि चालू करा. तरीही जमत असेल तर त्या गेस्टचा उपयोग नाही.

मग दुसरा राउटर घ्यायचा. इथे नव्वद टक्के लोक उलटं करतात, म्हणून नीट वाचा. लोक कंपनीच्या राउटरवर घरचं सगळं ठेवतात आणि त्याच्या मागे नवा राउटर लावून तो पाहुण्यांना देतात. दिसायला वेगळं झालं, पण मागच्या राउटरवरचा माणूस पुढच्या राउटरवरच्या उपकरणांपर्यंत पोचू शकतो. बरोबर पद्धत उलटी आहे: पाहुणे कंपनीच्या राउटरवर, आणि आपलं घर मागच्या नव्या राउटरवर. कंपनीच्या राउटरमधून आलेली वायर नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) घालायची, लॅनमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या) नाही. मागचा राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, म्हणून घर नेहमी आतल्या बाजूला.

एवढं केल्यावर स्वयंपाकघर सुरक्षित झालं. कोरा कागद मात्र अजून पाहुण्याच्या हातातच आहे. गेस्ट नेटवर्कवरून केलेलं काहीही बाहेर तुमच्याच पत्त्याने जातं. म्हणून गेस्टचा पासवर्डही ज्याला तुम्ही ओळखता त्यालाच द्या आणि दर महिन्याला बदला.

पायरी पाचवी: खोल्या भाड्याने देत असाल तर

नंदनवन, मानेवाडा, हिंगणा रोड भागात "वाय-फाय फुकट" अशी पाटी लावल्याशिवाय खोली लवकर जात नाही, हे मला मान्य आहे. तरीही माझा सल्ला एकच: मुलांना त्यांच्या नावावर कनेक्शन घेऊ द्या. चौघांनी मिळून घेतलं तर माणशी खर्च फार येत नाही. हवं तर भाड्यात तेवढी सूट द्या. त्यांचा केवायसी, त्यांचं नाव, त्यांची जबाबदारी.

ते शक्यच नसेल तर निदान घरच्या कनेक्शनपासून पूर्ण तोडा. वेगळं कनेक्शन घ्या आणि ते कशासाठी आहे हे कंपनीला स्पष्ट सांगून योग्य तो प्लॅन घ्या. प्रत्येक मुलाचा भाडेकरार आणि पोलीस पडताळणी आपण करतोच, त्याच फाइलमध्ये नेट कधीपासून कधीपर्यंत दिलं ते लिहून मुलाची सही घ्या. खोली सुटली त्याच दिवशी पासवर्ड बदला. गेल्या वर्षीचा मुलगा समोरच्या चहाच्या ठेल्यावर बसून अजून तुमचंच नेट वापरतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याच्या फोनला पासवर्ड आठवत होता एवढंच.

पायरी सहावी: गिऱ्हाइकांना किंवा गल्लीला द्यायचं असेल तर

नागपूर रेल्वे स्थानकावर मोफत वाय-फाय जोडताना मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. कोण, कधी जोडला गेला याची नोंद राहावी म्हणून. तर्री पोह्याच्या ठेल्यावर भिंतीला पासवर्ड चिकटवला की यातली कसलीच नोंद होत नाही.

यासाठी सरकारची पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ९ डिसेंबर २०२० ला मंजुरी दिली. तुम्ही 'पब्लिक डेटा ऑफिस', म्हणजे पीडीओ व्हायचं. पूर्वीचे एसटीडी-पीसीओ बूथ आठवत असतील तर कल्पना तीच. पीडीओला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारला शुल्कही भरावं लागत नाही. तुम्ही एका नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी, म्हणजे अनेक पीडीओंचा कारभार बघणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यायचं. गिऱ्हाईक ॲपमधून मोबाइल नंबरने ओळख पटवतं, आणि कोण जोडलं गेलं याचा हिशेब ॲग्रिगेटरकडे राहतो. पोलिसांचा प्रश्न आला तर दाखवायला काहीतरी असतं. पैसे घेऊन नेट द्यायचं असेल तरीही सरळ रस्ता हाच.

आधी अडचण दराची होती, कंपन्या पीडीओला महागडे व्यावसायिक प्लॅन गळ्यात मारत. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येणार नाहीत. कंपनीचा माणूस वेगळं काही सांगत असेल तर हा आदेश त्याला दाखवा.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. आठवड्याभरात पीडीओ होणं त्यांना जमणारं नव्हतं. घरचं वाय-फाय मात्र मी त्यांना उघडू दिलं नाही. त्याऐवजी फाटकाजवळ चार्जिंगचा मोठा बोर्ड लावून दिला, कारण दिवसभर चालून आलेल्या माणसाचा फोन बहुतेक वेळा आधी बॅटरीने मरतो. आणि घरातला एक फोन ओसरीवर ठेवला, वाय-फायवरून कॉल लागेल असा; ज्याला घरी निरोप द्यायचा त्याला काकू स्वतः नंबर लावून द्यायच्या. संध्याकाळपर्यंत त्या बोर्डाला एकही पिन रिकामी नव्हती.

पायरी सातवी: नोटीस आली तर

घाबरून राउटर रीसेट करू नका. फोनमधलंही काही पुसू नका. तुमच्या बाजूचा पुरावाही त्यातच असू शकतो. जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे आणि सेटिंगचे फोटो काढून ठेवा, वेळेसह. कंपनीचा ग्राहक क्रमांक, पासवर्ड कधी बदलला त्या तारखा आणि भाडेकरूंच्या सह्यांची फाइल एकत्र करा.

नोटीस कोणत्या कलमाची आहे ते वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं किंवा उपकरणं हजर करायला सांगतात. कलम ३५(३) खाली चौकशीसाठी हजर राहायला सांगतात. दोन्हींत जायचं, टाळायचं नाही, पण वकिलाला दाखवून जायचं आणि उत्तर लेखी द्यायचं. उपकरण जप्त केलं तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ नुसार बंधनकारक आहे.

आणि व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस "तुमच्या वाय-फायवरून गुन्हा झाला, खोलीचं दार लावून घ्या, कोणाशी बोलू नका" म्हणत असेल तर तो पोलीस नाही. आपल्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकारच नाही. फोन कापा आणि शेजाऱ्याला हाक मारा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन तुमच्या नावाने खरंच काही आलं आहे का ते विचारा.